आचाऱ्यांची पलटण

पाऊस थांबेपर्यंत दारात उभं राहायचं आणि थांबला की काही न घेता निघून जायचं, इतका साधा त्याचा बेत होता. पण वाऱ्याने दिशा बदलली, पाठीवर पाण्याची एक झड बसली, आणि तो इच्छा नसताना दुकानाच्या आत ढकलला गेला.

समोर काउंटरमागे एक मुलगी बसली होती. एका डोळ्याला भिंग, हातात केसभर टोकाचा कुंचला, आणि कुंचल्याखाली बोटाएवढा शिशाचा शिपाई. तिने मान वर केली नाही. फक्त म्हणाली, "श्वास जरा बेताने घ्या. बटणं चालली आहेत."

त्याने श्वास रोखला. बटणं बरीच होती.

शेवटी तिने वर पाहिलं. भिंगातला डोळा भलामोठा, दुसरा आपल्या मापाचा. तो धंद्याने चष्मेवाला. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघण्याचेच त्याला पैसे मिळत. पण एकाच चेहऱ्यावर दोन मापांचे डोळे, आणि दोन्ही आपल्याकडे बघताहेत, असा प्रसंग त्याच्यावर आला नव्हता. काय हवं, असं तिने विचारलं. ज्या माणसासाठी आपण इतका वेळ श्वास रोखून धरला, त्याला 'काही नको' म्हणणं त्याला उद्धटपणाचं वाटलं. त्याने हाताला सगळ्यात जवळ असलेल्या शिपायाकडे बोट केलं. तो शिपाई जाडा होता, त्याच्या कमरेला एप्रन होता आणि हातात आमटी वाढायचा डाव.

"हा... हा द्या."

"हा?" तिने भिंग काढलं. "नक्की?"

"का... विकायचा नाही का?"

"विकायचाच आहे. पण आजवर कोणी मागितला नाही, म्हणून विचारलं."

मागच्या खोलीत कुणीतरी कानशीने शिसं घासत होतं. तो आवाज बंद झाला. पडदा बाजूला झाला आणि मामांचं डोकं बाहेर आलं. आचारी कागदात गुंडाळला जाताना त्यांनी पाहिला, गिऱ्हाइकाकडे पाहिलं, मग बाहेरच्या पावसाकडे पाहिलं, आणि कशाचा कशाला मेळ न लागल्यामुळे डोकं परत आत नेलं.

दुकान मामांचं. अख्खी गल्ली त्यांना मामा म्हणे आणि तिला भाची. तिला तिचं स्वतःचं नाव होतं, पण ते वापरात नव्हतं. मामा शिपाई ओतत आणि भाची रंगवी. राजवाड्यापुढचे पहारेकरी, भालेवाले घोडेस्वार, तोफखाना, तलवार उपसलेले सेनापती... हा माल खपे. घरी जाऊन कपाटात उभा राही, आणि मालक जेवण झाल्यावर त्याच्यासमोर हात मागे बांधून उभा राही. मोठ्या माणसांचं हे वेड मामांनी कधी विनोदी मानलं नाही, कारण त्यावर त्यांचं घर चालत होतं.

भाचीला मात्र काही महिन्यांपूर्वी एक कल्पना सुचली. सैन्य म्हणजे नुसती लढाई नाही, लढाईच्या आधी आणि नंतर पुष्कळ वेळ उरतो, त्या वेळातले शिपाई करायचे. तिने स्वतः मेण कोरलं, स्वतः साचे केले, आणि एक छावणी उभी केली. आचारी, न्हावी, कपडे वाळत घालणारा, एक बूट सापडत नसलेला, पाय बादलीत सोडून बसलेला. आयुष्यात पहिल्यांदाच तिने दुसऱ्याच्या शिपायाला बटणं न लावता आपला शिपाई केला होता. मामांनी फळीवर एक कोपरा दिला आणि अट घातली. संग्राहकांच्या मेळाव्यापर्यंत खपले तर ठीक, नाही तर छावणी शिसं वितळवायच्या कढईत आणि भाची बटणांवर.

छावणी का खपणार नाही, याबद्दल जाणकारांत एकमत होतं. फक्त कारणं वेगवेगळी होती. मामांचं म्हणणं, आचारी बघायचा तर घरात आई आहे, बायको आहे, भांडी आहेत, त्यासाठी शिसं कशाला आटवायचं? कर्नलचं म्हणणं याहून खोल होतं. कर्नल म्हणजे विमा कचेरीतून निवृत्त झालेला कारकून. सैन्याशी त्याचा संबंध कधी आला नव्हता, पण चालायचा इतका ताठ की गल्लीने त्याला बढती देऊन टाकली होती. त्याने भाचीला समजावून सांगितलं की भालेवाला घेतला की त्याला शत्रू लागतो, शत्रूला तोफ लागते, तोफेला गोलंदाज लागतात, असं घर भरत जातं. आचाऱ्याला काहीच लागत नाही. आचारी घेतला की माणूस समाधानी होतो, आणि समाधानी माणूस पुन्हा दुकानात येत नाही. शिवाय ठेवायचा कुठे? लढाईच्या मधे ठेवला तर पायात येतो, टेकडीमागे ठेवला तर दिसत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एप्रनला बटणं नसतात. कॉलरचा लाल रंग बरोबर की चूक यावर दोन संग्राहक आयुष्यभर भांडू शकतात. एप्रनवर कशावरून भांडणार? तो मळका असणारच.

भाचीला यातलं सगळं पटलं होतं. तिला न पटलेलं एवढंच, की हे सगळं खरं असलं तरी तिचा आचारी चांगला होता.

आणि तो गेला.

पुढच्या आठवड्यात चष्मेवाला पुन्हा आला. पाऊस नव्हता. त्याने न्हावी घेतला. नंतर पुन्हा आचारी. कर्नलचा सिद्धांत तिथेच डळमळला: समाधानी माणूस पुन्हा दुकानात येत होता, इतकंच नव्हे, येताना केस विंचरून येत होता.

तो तिला काय म्हणून हाक मारायचा, हाही एक घोळच होता. भाची म्हणावं तर आपण मामांच्या पंक्तीला जाऊन बसतो. नाव विचारायचं धैर्य नव्हतं. तेव्हा तो 'अहो' म्हणू लागला. पहिल्यांदा 'अहो' कानावर पडलं तेव्हा पडद्यामागची कानस पुन्हा थांबली होती.

"अहो, एक विचारू? मी चष्मे करतो, म्हणून... तुमच्या उजव्या डोळ्यावर ताण येतोय का?"

तिच्या डोळ्यांविषयी आजवर कोणी काही बोललं नव्हतं असं नाही. पण ताण हा शब्द नवा होता.

"येतो कधी कधी... तुम्ही सांगा, हे सगळे नेऊन करता काय?"

"मांडतो."

"कुठे?"

"टेबलावर."

"कुठली लढाई?"

तो अडखळला. टोपी नसलेल्या डोक्यावरून त्याने हात फिरवला. "जेवणाआधीची," तो म्हणाला.

ती हसली, मग हसणं आवरलं, मग आवरल्याचा तिला राग आला. हा माणूस थट्टा करतोय, की खरंच हाडाचा संग्राहक आहे? हाडाचे संग्राहक असंच काहीतरी बोलत. डाव उजव्या हातात बरा की डाव्या, असं तिने एकदा मुद्दाम विचारलं. तो बराच विचार करून म्हणाला, डाव्या. तिने डावखुरा आचारी केलाच नव्हता. त्या रात्री तिने मेण घेतलं आणि केला. पुढच्या आठवड्यात त्याने तो घेतला, आणि घेताना आचाऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही... तिच्याकडे पाहत होता. हे तिच्या लक्षात आलं, पण त्याचा अर्थ तिने असा लावला की जातिवंत गिऱ्हाइकाला माल पाहावा लागत नाही.

इकडे मामांच्या धंद्याची रीत अशी होती की ते कधी हिशोबाने ओतत नसत, फळीकडे बघून ओतत. रोज सकाळी चहाचा कप घेऊन फळीसमोर उभं राहायचं. जिथे जागा रिकामी दिसेल तो शिपाई ओतायचा. जिथे धूळ दिसेल तो वितळवायचा. कोण घेऊन गेलं हा प्रश्न या रीतीत बसत नाही. जागा रिकामी आहे, म्हणजे जगाला तो शिपाई हवा आहे. बापाच्या वेळेपासून हे असंच चालू होतं आणि फळीने मामांना कधी फसवलं नव्हतं.

आता फळी रोज सकाळी त्यांना एकच गोष्ट सांगू लागली: आचारी. मामा गोंधळले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शेवटी ते भाचीला म्हणाले, काळ बदललाय, लोकांना लढाईचा वीट आलाय. एका सकाळी त्यांनी भालेवाल्यांची धूळ खाणारी अख्खी तुकडी कढईत घातली आणि त्यातून आचारी काढले. कर्नल ते बघून खुर्चीत बसला. इतक्या शूर माणसांचे इतके आचारी व्हावेत, याला त्याच्याकडे सिद्धांत नव्हता. भाची मात्र त्या दिवसांत गाणं गुणगुणत रंगवत होती. तिचं खपत होतं. रस्त्याने जाताना ती अनोळखी घरांच्या खिडक्यांकडे बघे आणि मनाशी म्हणे, यातल्या कुठल्यातरी कपाटात माझा माणूस डाव घेऊन उभा आहे.

मेळावा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, एका जुन्या गोदामात भरला. मामांनी टेबलावर छावणी मांडली. आचारीच आचारी. दोन्ही बाजूंच्या टेबलांवर तोफा धडधडत होत्या, घोडे उधळत होते, आणि मधल्या टेबलावर सगळे स्वयंपाकाला लागले होते. लोक येत, थांबत, वाकून पाहत. एक जण म्हणाला, काम सुरेख आहे. दुसरा म्हणाला, कल्पना छान आहे. तिसऱ्याने सेनापती कुठे मिळतील ते विचारलं. दुपारपर्यंत कौतुक पुष्कळ झालं आणि टेबलावरचा एकही डाव हलला नाही.

"पण दुकानात तर जातात," मामा पुन्हा पुन्हा म्हणत होते, कुणाला उद्देशून नव्हे, टेबलालाच. "दुकानात तर जातात..."

भाचीने ते ऐकलं. दुकानात कोण नेतं? तिने डोळ्यांपुढे एकेक गिऱ्हाईक आणायचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी एकच चेहरा आला, केस विंचरलेला.

आणि नेमका तोच चेहरा दारातून आत येत होता. सहज इकडून चाललो होतो, असं तो म्हणाला. त्या गोदामाच्या पलीकडे फक्त एक नाला होता आणि नाल्यापलीकडे काहीच नव्हतं.

"दोन आचारी द्या," तो म्हणाला.

भाची उठली आणि त्याला बाहेर चला म्हणाली. गोदामाच्या पडवीत पन्हाळीतून पाणी गळत होतं. तिने विचारलं, दुकानातले सगळे तुम्हीच नेलेत ना? तो हो म्हणाला. पहिला पावसामुळे, हेही त्याने सांगून टाकलं. आपल्याला शिपायांतलं काही कळत नाही, आपल्याला सगळे सारखेच दिसतात. यायला काहीतरी कारण हवं होतं, म्हणून... पुढचं वाक्य त्याने पन्हाळीवर सोडलं.

"मी काउंटरवर नसते," ती म्हणाली, "मामाच असते, तर हे शिपाई घेतले असते?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. तिथे दुसरं कोणी नव्हतं, आणि तिला नेमकं तेच खोटं हवं होतं.

"नाही," तो म्हणाला.

तिला कळेना. या एका शब्दात तिला जे हवं होतं ते अर्धं मिळालं होतं आणि अर्धं गेलं होतं, आणि दोन्ही एकाच क्षणी झाल्यामुळे रडावं की लाजावं याचा निर्णय चेहऱ्याला घेता येत नव्हता. आपला माणूस डाव घेऊन ज्या ज्या कपाटांत उभा होता ती सगळी कपाटं एका झटक्यात रिकामी झाली. उरलं एक टेबल. आणि त्या टेबलाचा मालक तिच्यासमोर भिजत उभा होता.

"यापुढे घेऊ नका," ती म्हणाली. "एकही नाही."

संध्याकाळी तिने मामांना सगळं सांगितलं. मामा रागावतील असं तिला वाटलं होतं. ते नुसते ऐकत राहिले.

"म्हणजे गिऱ्हाईक एकच?"

"हो."

"आणि तेही आचाऱ्यासाठी येत नव्हतं."

"नाही."

मामांनी कपाळाला हात लावला. "मग त्याने भालेवाले नेले असते तर त्याचं काय बिघडत होतं?"

दुसऱ्या दिवशी मामांनी शेगडी पेटवली. ती म्हणाली, मी घालते. आचारी सावकाश वितळले. आधी एप्रनचा रंग काळवंडला, मग पोट खचलं, मग डाव. शिशाला आपण कोण होतो ते विसरायला फार वेळ लागत नाही. आठवड्याभरात त्याचे पहारेकरी झाले, आणि भाची त्यांना बटणं लावत बसली. साचे मात्र तिने जुन्या चादरीत बांधून माळ्यावर ठेवले. मामांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

चष्मेवाला आला नाही.

'घेऊ नका' म्हणजे 'येऊ नका' असं त्याने धरलं, की त्यालाच आता यावंसं वाटत नव्हतं? तिने स्वतःला बजावलं की आपल्याला राग आलेला आहे. मग एक दिवस पावसाची सर आली, दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं, आणि तिच्या हातचं बटण पहारेकऱ्याच्या नाकावर गेलं. दारात कर्नल होता. नाकावरचं बटण बघून तो इतका व्यथित झाला की तिनेच त्याला पाणी दिलं. त्या नाकामुळे तिला कळलं की हा राग नव्हे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्या चष्म्याच्या दुकानात गेली. दाराची घंटी वाजली. तो एका फ्रेमचा स्क्रू पिळत होता. स्क्रू खाली पडला आणि शोधायचं सोडून तो उभा राहिला.

"डोळे तपासायचे आहेत," ती म्हणाली. "ताण येतोय."

त्याने तिला खुर्चीवर बसवलं आणि तिच्या नाकावर ती जड, गोल, रिकामी फ्रेम चढवली. कानामागे त्याची बोटं क्षणभर थांबली... गार होती. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. सगळ्यात खालची बारीक ओळ तिला स्वच्छ दिसत होती; त्याखाली तक्ता छापणाऱ्याचं नाव होतं, तेही.

"वरची ओळ वाचा."

"धूसर आहे."

त्याने भिंग घातलं. "आता?"

"अजून धूसर."

दुसरं घातलं. तिसरं घातलं. प्रत्येक वेळी ती धूसर म्हणाली. तो गोंधळला, मागे सरकला, तिच्या डोळ्यांत दिवा टाकून पाहिला. "अहो," तो हळूच म्हणाला, "तुमचे डोळे ठणठणीत आहेत."

"मग ठणठणीत डोळ्यांचा चष्मा द्या. तुम्ही नाही का... लढत नसलेले शिपाई नेत होतात?"

तो हसला नाही. त्याने स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसला. त्या दिवसापासून आपण एका गोष्टीचा विचार करतोय, असं म्हणाला. तुमचे का खपले नाहीत त्याचा.

"का ते सगळ्यांना माहीत आहे. बटणं नाहीत."

"तसं नाही. माझ्याकडे लोक येतात ना, लांबचा चष्मा दिला की खूश होतात. डोंगर दिसतो, पाटी दिसते. जवळचा दिला की दुसऱ्या दिवशी भांडायला येतात. हाताच्या सुरकुत्या दिसतात, ताटाला लागलेलं दिसतं, आरशात स्वतः दिसतात. चष्मा चांगला असतो हो. पण जवळचं बघायला कोणाला आवडत नाही."

कर्नलला हा सिद्धांत सुचला नव्हता.

"कुठे आहेत सगळे?" तिने विचारलं.

घरी, आईजवळ, असं त्याने सांगितलं. सगळे जेवणाच्या टेबलावर मांडलेत, त्यामुळे दोघं मायलेक ताटं मांडीवर घेऊन जेवतात. आईला एकच चिंता लागलीय, की इतके आचारी आहेत तर जेवणारे कुठायत?

"जेवणारे म्हणजे ते भालेवाले. मामांनी वितळवले."

"तिला सांगितलं नाही मी... पण एक तिने टेबलावरून उचलून नेलाय. तो पाय बादलीत सोडून बसलेला."

भाची ताठ झाली. छावणी उभी करताना तो तिने सगळ्यात शेवटी केला होता, सगळ्यांत जास्त वेळ लावून. "का नेला?"

"म्हणाली, याच्या तोंडावरून कळतंय की बूट दिवसभर चावलाय. उशाशी ठेवलाय. झाडताना हलवला तर ओरडते माझ्यावर."

"तुम्ही मला बरं वाटावं म्हणून..."

"बरं वाटावं म्हणून मला बोलता येत असतं, तर त्या दिवशी पडवीतच बोललो असतो." त्याने मान खाली घातली. "आईला तुम्ही कोण हेसुद्धा माहीत नाही. तिचं मत धरायला हरकत नाही. तिचं काही तुमच्यावर प्रेम नाही."

दुकानात घड्याळ होतं. ते चालत असल्याचं त्या दोघांना पहिल्यांदाच कळलं. आपण काय बोललो हे त्याला जरा उशिरा उमगलं. कान लाल झाले आणि तो पेटीतली भिंगं उगाचच लहानमोठी लावू लागला.

"आणि तुमचं मत?" तिने विचारलं.

"माझं... माझं धरू नका."

ती म्हणाली, आईंना सांगा, जेवणारे येतील. वेळ लागेल, मामा ओतायचे नाहीत, मलाच ओतावे लागतील. पण बसून जेवणारे करीन, बटणं सैल सोडलेले. खपणार नाहीत ते.

"नाहीच खपणार," तो म्हणाला, आणि हे त्याने इतक्या खात्रीने म्हटलं की तिला फार बरं वाटलं.

मग त्याने फ्रेममधलं एकेक भिंग काढून घ्यायला सुरुवात केली. तक्ता पुन्हा स्वच्छ झाला, पण आता मधे त्याचा चेहरा आला होता. भुवईजवळ एक जुना व्रण होता. काउंटरवरून तो कधी दिसला नव्हता. शेवटचं भिंग निघालं. हात मात्र तिथेच राहिला.

"आता कसं दिसतंय?"

"जवळ," ती म्हणाली. "फारच जवळ आहात तुम्ही."

"मागे होऊ?"

"मी तक्रार केली का?"